माळ्यावरचं दप्तर खाली काढू या

खालापूर तालुक्यातलं चौक हे गाव नेताजी पालकरांना आपलं मानतं. त्यांचं नाव निघालं की आपली छाती फुगते. शिवाजी महाराजांचे सरनौबत, ज्यांना लोक 'प्रतिशिवाजी' म्हणत! पण गप्पा जरा पुढं सरकल्या की कोणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "ते पुढं फितूर झाले ना?" मग विषय बदलतो.

विषय बदलायचं काही कारण नाही. या एका प्रश्नाचा माग काढत निघालं, तर आपण नेताजींपाशी थांबत नाही. थेट आपल्या घरच्या माळ्यावर येऊन पोचतो. तिथं पत्र्याच्या ट्रंकेत, बासनात, भिंतीतल्या फडताळात जे जुने कागद पडलेत, ते आज झपाट्यानं नाहीसे होत आहेत. ते वाचवायला कर्जत-खालापुरातल्या आपण सगळ्यांनी हात लावायला हवा. आणि तो लागेल, याची खात्री आहे म्हणूनच हे लिहायला बसलो.

आधी नेताजींचं प्रकरण. पुरंदरचा तह झाला जून १६६५ मध्ये. त्यानंतर महाराजांना मिर्झाराजा जयसिंगाच्या विजापूरवरच्या मोहिमेत उतरावं लागलं. १६ जानेवारी १६६६ ला मराठ्यांनी पन्हाळ्यावर छापा घातला आणि तो फसला. खूप माणूस कामी आलं. नेताजी वेळेवर पोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांची सरनौबती काढून घेतली आणि कडतोजी गुजरांना दिली. हेच पुढचे प्रतापराव. नेताजी विजापूरकरांकडे गेले. दोन महिन्यांत, मार्च १६६६ मध्ये, जयसिंगानं पाच हजारांची मनसब देऊन त्यांना मोगलांकडे ओढून घेतलं.

इथवर गोष्ट सरळ वाटते. उशीर झाला, नोकरी गेली, माणूस शत्रूला मिळाला. शिक्का मारला, काम संपलं.

पण ही गोष्ट आपल्याला कोण सांगतं, ते बघू या. उशिराबद्दल सरनौबती गेल्याचं सांगतो कृष्णाजी अनंत सभासद. त्यानं बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांसाठी, पन्हाळ्याच्या घटनेनंतर तीसेक वर्षांनी. माणूस जाणता, राज्याचा जुना सेवक. पण लिहिताना समोर धनी बसलेला आणि आठवण तीस वर्षं जुनी. दुसरा साक्षीदार खुद्द जयसिंग. मोहिमेवरून तो औरंगजेबाला सतत अहवाल धाडत असे. त्याचा मुनशी उदयराज यानं लिहिलेली ही फारसी पत्रं 'हफ्त अंजुमन' या संग्रहात राहिली. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी बनारसच्या हस्तलिखितावरून ती अभ्यासली आणि पुढं जगदीश नारायण सरकारांनी त्यातल्या लष्करी पत्रांचं इंग्रजी केलं. म्हणजे १६६६ सालचं लष्करी दप्तरच म्हणा ना! त्यात सूर निराळा लागतो. तिथं मुद्दा उशिराचा नसून पैशाचा आहे: विजापूरकरांनी नेताजींना पैसा चारून फोडलं.

मग खरं काय? जयसिंगाची मोहीम तेव्हा फसत चालली होती. अपयशाचा अहवाल लिहिताना कुठलाही सेनापती दुसऱ्याच्या फितुरीला चार ओळी जास्तच देतो. शिवाय नेताजी गेले, आता शिवाजीही गेला तर काय, ही धास्ती त्याला पडली होती, आणि महाराजांना आग्र्याला पाठवावं ही सूचना तो याच सुमाराला पुढं रेटत होता. तेव्हा त्याची पत्रंही कोऱ्या मनानं लिहिलेली नाहीत. दोन्ही कागद खरे असतील. दोन्ही अर्धेही असतील.

तिसरा कागद त्याहून बोलका. १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज आग्र्याहून निसटले. त्याची किंमत मोजली नेताजींनी. बादशहाच्या हुकमावरून दक्षिणेत त्यांना कैद करून दिल्लीला नेण्यात आलं. १६६७ मध्ये त्यांचं धर्मांतर झालं, नाव पडलं महंमद कुलीखान, आणि रवानगी झाली दूर काबुलाकडे. 'आलमगीरनामा' या दरबारी इतिहासात हे सगळं बादशाही कृपेच्या भाषेत नोंदलंय. बेड्या पडलेल्या माणसानं काय 'मान्य' केलं, हे त्याला कैद करणाऱ्याच्या लेखणीतून वाचायचं असेल, तर वाचणाऱ्यानं जागं राहायला नको का?

आणि चौथा कागद म्हणजे एक ओळ. जेधे शकावलीतली. शके १५९८, आषाढ वद्य ४, म्हणजे १९ जून १६७६. नेताजींनी प्रायश्चित्त घेतलं. ते परत आले. सुमारे नऊ वर्षं परमुलखात काढून आलेल्या माणसाला महाराजांनी दारात उभं केलं नाही, घरात घेतलं. पुढं १६८१ मध्ये औरंगजेबाचा बंडखोर शाहजादा अकबर पालीजवळ येऊन राहिला, तेव्हा त्याच्या दिमतीला दिलेल्या मराठ्यांत नेताजींचं नाव येतं. पाली म्हणजे खोपोलीहून तासाभराची वाट. ज्याला आपण दबक्या आवाजात फितूर म्हणतो, त्याच्यावर स्वराज्यानं पुन्हा भरवसा टाकला होता.

काहीजण म्हणतात, महाराजांनीच त्यांना मुद्दाम शत्रूकडे पाठवलं होतं. कथा गोड आहे, पण तिच्या बाजूनं कागद नाही, म्हणून मला ती पटत नाही. मात्र 'फितूर' हा एकशब्दी निकालही तितकाच कच्चा आहे. या चारही कागदांत नेताजींची स्वतःची बाजू कुठंच नाही, हे विसरून कसं चालेल?

आता ती ओळ ज्या शकावलीत आहे ती कुठून आली, ते ऐका. ती कुठल्या राजवाड्यात सापडली नाही. भोरजवळच्या कारी गावात जेधे देशमुखांच्या घरी होती. त्या घरानं ती सांभाळली, लोकमान्य टिळकांच्या हाती दिली, टिळकांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारा छापून उजेडात आणली. महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख आज आपण मानतो, तिचाही मोठा आधार हीच शकावली. एका घरानं ट्रंक फेकली नाही म्हणून.

आणि आपलं घर? चौकच्या माणसाची हकीकत आपल्याला कळते ती बनारसच्या हस्तलिखितातून, जिंजीला लिहिलेल्या बखरीतून, कारीच्या शकावलीतून. आपल्याच तालुक्यातल्या चावणीजवळ उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची कोंडी झाली. तिचं रसाळ वर्णन परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे, आणि ती संस्कृत पोथी सापडली थेट तंजावरात! कर्जत-खालापुरातून या कथेला एक चिटोरंही मिळू नये? घाटाखालचा हा मुलूख, बोरघाटाची वाट, कोथळीगड, सोनगिरी, इरशाळ, माणिकगड. इथं देशमुख होते, कुळकर्णी होते, गडांवर नेमणुका होत्या, लष्कराला रसद जात होती. कागद झाले नसतील असं कसं म्हणायचं? झाले. काही गेले. काही अजून आपल्याच छपराखाली आहेत.

बरं, प्रश्न शिवकाळाचाच नाही. 'बट्टा लागलेले शिपाई' आपल्या जिल्ह्यात नंतरही झाले, आणि त्यांची कहाणी आपल्या आजोबा-पणजोबांच्या जवळची आहे.

इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या मुंबई लष्करात लढलेल्या माणसांना एका फटक्यात 'लढाऊ नव्हे' ठरवलं. हा एका माणसाचा नव्हे, अख्ख्या समाजाचा अपमान होता. त्याविरुद्ध पहिला आवाज उठवणाऱ्यांत होते गोपाळ बाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी विनंतीपत्र तयार केलं, त्यात आपल्या लोकांच्या लष्करी चाकरीचा दाखला दिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. महार रेजिमेंट कायमची उभी राहायला १९४१ साल उजाडलं. या सगळ्या काळातले पेन्शनीचे कागद, नाव कमी केल्याचे दाखले, बिल्ले, पदकं कुठं आहेत? थोडी अभिलेखागारात. बाकीची गावोगावच्या घरांत.

तसंच १९४६ चं नाविकांचं बंड. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर ठिणगी पडली आणि चारपाच दिवसांत कराची, मद्रासपर्यंत हजारो खलाशी उठले. नंतर शेकडोंना नोकरीतून काढून टाकलं. स्वातंत्र्य मिळाल्यावरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही. देशासाठी उठलेली पोरं हातात बडतर्फीचा कागद घेऊन घरी आली, आणि पुष्कळांच्या घरच्यांनी तो कागद लपवला. लग्नाच्या बोलणीत अडचण नको, नोकरीच्या अर्जात खोट नको! सरकारनं त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मानलं तेव्हा पाव शतक उलटून गेलं होतं. तोवर ज्यानं तो लाजिरवाणा कागद फाडला, त्यानं आपल्याच हक्काचा पुरावा फाडला होता.

इथं मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय. मानाचे कागद आपण आपसूक जपतो. सनद काचेत लावतो, पदक देवघरात ठेवतो. जातात ते कमीपणाचे कागद: कोर्टमार्शलचा हुकूम, भगोडा ठरवल्याची नोटीस, बडतर्फी, पेन्शन तोडल्याचं पत्र. तेच आधी जपायला हवेत. कारण निकाल दप्तरात राहतो. निकालामागची हकीकत मात्र बहुतेक वेळा घरात राहते. रजा संपून आठ दिवस उशिरा गेलेला शिपाई सरकारी वहीत पळपुटा असतो. त्या आठ दिवसांत गावात पटकीची साथ होती का, घरात कोण गेलं होतं, हे घरातल्या पोस्टकार्डावरच असणार ना? आपल्याच कर्जत तालुक्यानं हे पाहिलंय. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील इंग्रज सरकारच्या लेखी फरारी होते. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळ्या झेलून ते पडले आणि आज आपण तिथं दरवर्षी डोकं टेकवायला जातो.

आता नासाडीकडे वळू. ती रोज डोळ्यांसमोर चालू आहे.

एक्स्प्रेस वे आला, पनवेल-कर्जत रेल्वेमार्ग चौकवरून येतोय, नवी मुंबईचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. जमिनीला भाव आला. जुनी कौलारू घरं उतरताहेत, त्या जागी फार्महाऊस आणि टॉवर उभे राहताहेत. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. चांगलं घर सगळ्यांनाच हवं. पण घर उतरवताना वासे मोजून विकतात, कौलं मोजून विकतात, भांडी मोडीत घालतात, आणि बासनातले कागद? ते बंबात जातात, नाहीतर रद्दीवाल्याच्या तागडीत. "काय लिहिलंय ते वाचताच येत नाही, ठेवून काय करायचं?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. उरलेल्या कामाला वाळवी आणि आपला चार महिन्यांचा पाऊस आहेच. उल्हास आणि पाताळगंगा घरात शिरल्या की धान्य आधी उचलायचं की दप्तर, हा प्रश्नच नसतो. जुलै २०२३ मध्ये चौकच्या डोक्यावरच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. तिथं गेलेल्या जिवांपुढे कागदांची गोष्ट काढायला जीभ रेटत नाही. पण वाचलेल्यांना आपली ओळख नव्यानं सिद्ध करावी लागते तेव्हा कागद म्हणजे काय, ते कळतं.

कागदाची किंमत आपल्याला कळत नाही असंही नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना हाका सुरू झाल्या. तहसील कचेऱ्यांतली धूळ खाणारी रजिस्टरं खाली आली, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं उघडली गेली. एका शब्दासाठी लाखो पानं चाळली गेली. पण तो एक शब्द शोधताना बाकीची पानं उलटून पुढं गेली, आणि त्या पानांवर काय होतं ते कोणी टिपलं नाही. गावचा कोण शिपाई होता, कोण लढाईवरून परत आला नाही, कोणाच्या बायकोला पेन्शन लागली. ही दमछाक पुन्हा वाया जाऊ द्यायची नसेल, तर दुसरी फेरी आपल्याला स्वतःच काढावी लागेल.

घाबरू नका, काम अवघड नाही. पहिली गोष्ट: मूळ कागद घराबाहेर द्यायचाच नाही. पुष्कळ गावांत आजही सांगतात, की कोणी अभ्यासक आला, "वाचून परत देतो" म्हणाला आणि दप्तर गेलं ते गेलंच. शिवाय भाऊबंदकीच्या वादांमुळं जमिनीचे कागद दाखवायला लोक कचरतात, तेही बरोबरच आहे. तेव्हा नेम असा करू या: कागद तुमचा, ट्रंक तुमची, फक्त फोटो सगळ्यांचा; आणि कुठला फोटो द्यायचा तेही घरच्यांनीच ठरवायचं.

फोटो काढायला खिशातला मोबाईल पुरतो. सावलीत, दाराच्या उजेडात, कागद सपाट ठेवून वरून काढा. मागची बाजूही काढा. मोडी कागदाच्या पाठीवर पुष्कळदा शेरे असतात. कागद ज्या क्रमानं गुंडाळलेत तो क्रम मोडू नका. आणि कृपा करून चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको! कौतुकानं केलेल्या लॅमिनेशननं या भागात जेवढे कागद वाया गेले असतील तेवढे वाळवीनंही खाल्ले नसतील, असं मला कधीकधी वाटतं. घट्ट चिकटलेल्या घड्या ओढून उलगडू नका. प्लॅस्टिकची पिशवी ओल धरते. धुतलेलं सुती कापड घ्या, आपले पूर्वज दप्तराला रुमाल बांधत तसाच बांधा, जवळ वेखंडाचा तुकडा ठेवा.

लष्करी वस्तू असतील तर आणखी एक गोष्ट बघा. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासून लखलखीत करायच्या नादात ती अक्षरं जातात. सोनाराकडे मोड घातली तर सगळंच जातं. त्या नंबरावरून पुढची वाट सापडते: मराठा पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, माजी सैनिकांच्या चौकशीसाठी अलिबागचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दोन महायुद्धांत जे परत आले नाहीत, त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत घरबसल्या शोधता येतात. बसरा असो, फ्रान्समधलं न्यूव शापेल असो की आपलं पुण्यातलं खडकी. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे पुष्कळ कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर आहेत.

शोधताना आपल्या मुलखाच्या दोन-तीन खाचाखोचा मात्र डोक्यात ठेवा. कर्जत दोन आहेत, एक आपलं आणि एक नगरचं, आणि लष्करी कारकुनाला त्यातला फरक ठाऊक असेलच असं नाही. महडही तसंच: आपल्या खालापुरातलं वरदविनायकाचं महड आणि खाली दक्षिणेतला महाड तालुका, इंग्रजी स्पेलिंगात सहज एक होतात. १८८२ चं गॅझेटिअर उघडलं तर आपलं कर्जत ठाणे जिल्ह्याच्या खंडात भेटतं. पुढं ते कुलाब्यात आलं, आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ मध्ये. म्हणजे पणजोबांचा जिल्हा ठाणे, आजोबांचा कुलाबा, आपला रायगड, आणि घर तेच! नावांची तर इंग्रजीत किती रूपं होतात ते विचारू नका. एका स्पेलिंगानं सापडलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

मोडीचं काय? मोडी ही काही मेलेली विद्या नाही. नेटानं बसलं तर काही महिन्यांत अक्षर लागायला लागतं, सराव मात्र लांबचा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होत आले आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद वाचणाऱ्याची वाट बघत पडलेत. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक ४५ खंडांत छापले, तो त्या ढिगाचा एक कोपरा. कर्जत आणि खोपोलीच्या महाविद्यालयांनी वर्षाला एकेक मोडी वर्ग धरला आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबर एक दिवस दप्तरं टिपायला दिला, तर चारपाच वर्षांत तालुक्याचं चित्र बदलेल. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, ती दारोदार हिंडून. त्यांच्याजवळ ना मोबाईल होता ना एक्स्प्रेस वे. आपल्याजवळ दोन्ही आहेत आणि प्रत्येक वाडीत बारावी झालेली पोरं आहेत.

आणि ज्यांच्या घरी कागदच नाहीत? ठाकर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांवर पुष्कळदा जमीनच नावावर नव्हती, तिथं दप्तर कुठून येणार? पण गडाच्या मेटावर कोण होतं, कोणाचा बाप पोलिसांनी नेला, कोण बोटीवर गेला आणि आला नाही, हे तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ते फोनवर ध्वनिमुद्रित करा. मधे बोलू नका, दुरुस्त्या करू नका. कागद पन्नास वर्षं वाट बघतो, माणूस बघत नाही. त्यामुळं ज्या घरात दोन्ही आहेत तिथं आधी म्हातारीपाशी बसा, ट्रंक दुसऱ्या दिवशी उघडा.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींनाही विनंती. गावातली जुनी रजिस्टरं म्हणजे सार्वजनिक अभिलेख आहेत. कचेरीला नवी इमारत मिळते तेव्हा जुनी कपाटं रिकामी करायची घाई होते. त्या दिवशी गावातल्या शाळामास्तरांना आणि दोन तरुणांना बोलवा. यादी करा, मगच हलवा. गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असेल, म्हणजे 'या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत' अशी, तर तिच्यावर रंग मारू नका आणि ती नव्या कमानीच्या मागं गाडू नका. पाटीवर आकडे असतात, नावं नसतात. नावं आपल्याला घराघरांतून जमवायची आहेत.

१ मेच्या ग्रामसभेत पाच मिनिटं मागून घ्या. ठराव लांबलचक नको: गावातल्या जुन्या कागदांचे फोटो काढायचे, मूळ कागद घरीच ठेवायचे, आणि एक वही शाळेत ठेवायची. त्या वहीत घराचं नाव, काय सापडलं, कोणी टिपलं, एवढंच. मुंबई-ठाण्याला राहणारे आपले चाकरमानी मे महिन्यात येतातच, आंब्याला आणि लग्नाला. माळे त्याच दिवसांत उघडतात. पावसाआधी कौलं चाळायची असतात, वाळवणं घालायची असतात. त्याच हातानं बासनही खाली घ्या. वाचता आलं नाही तरी चालेल, फोटो धूसर आला तर दुसरा काढा. फक्त फोटोच्या नावात गाव, तालुका आणि घराणं न चुकता घाला, आणि कर्जत लिहिलंत तर पुढं रायगड लिहायला विसरू नका.